खिडकीपर्यंत सात पावलं

उघड्या कपाटात कुणीही शिरायचं नाही, हे जावईबापूंनी सगळ्यांना तीन-तीनदा बजावलं होतं.

"उघडं कपाट म्हणजे सापळा. आत गेलं की दार लागतं, ते खेळ संपेपर्यंत उघडत नाही. मी नऊ खोल्या खेळलोय, मला माहितीये."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांच्या लेकीने, म्हणजे जावईबापूंच्या बायकोने, जांभई दिली. सासरे "हो, हो" म्हणाले खरे, पण त्यांचा कान भिंतीला लागला होता आणि ते काहीही ऐकत नव्हते. म्हणजे ऐकत होते, पण जावईबापूंचं नव्हे.

लेक-जावयाने म्हाताऱ्यांना आठ दिवस परदेश दाखवायला आणलं होतं. जावईबापूंनी प्रत्येक दिवसाचा वेगळा कागद करून तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला होता, आणि तो फोल्डर ते पासपोर्टपेक्षा जास्त जपत होते. तिसऱ्या दिवसाच्या कागदावर लिहिलं होतं, 'एस्केप रूम'. म्हणजे रीतसर तिकीट काढून स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि मग डोकं लढवून साठ मिनिटांत बाहेर पडायचं.

"मी चाळीस वर्षं स्वयंपाकघरातून बाहेर पडायला बघतेय," सासूबाई म्हणाल्या, "ते पण फुकटात."

जावईबापू हसले नाहीत. नऊपैकी नऊ खोल्यांतून ते वेळेआधी बाहेर पडले होते आणि ही दहावी होती. शिवाय हिचं वैशिष्ट्य असं की आत एक खराखुरा नट होता. जुन्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या नोकराचं काम करायचा. तो आपल्या बाईसाहेबांची गोष्ट सांगायचा, त्या गोष्टीत चार आकडे लपलेले असायचे आणि ते आकडे दाराच्या कुलपाला लावले की सुटका. सगळा खेळ त्या नटाच्या बोलण्यावर होता.

बसने त्यांना दोन तास आधीच आणून सोडलं होतं. बसायला बोळात एक बाक होता, आणि बाकामागे प्लायवूडची भिंत. भिंतीपलीकडे खेळ चालू होता.

इथे सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत ते चाळीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत एका स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी, आणि नटाची जीभ अडखळली की पुढचा शब्द त्याच्या कानात असा टाकायचा की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. कंपनीत त्यांना सगळे 'वहीवाले' म्हणत. एकदा ऐकलेलं वाक्य ते विसरत नसत, मग ते कळलेलं असो वा नसो. एका नाटकात बॅरिस्टरचं पानभर इंग्रजी भाषण होतं, ते त्यांनी अर्थाच्या वाटेला न जाता तीनशे प्रयोग चोख पुरवलं होतं.

कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली. पडदे विकले गेले, ट्रक विकला, रंगाच्या पेट्या कुणी कुणी घरी नेल्या. वहीवाल्यांची सवय मात्र कुणी विकत घेतली नाही. ते डॉक्टरला आजार सुचवत, वाण्याला भाव सुचवत आणि शोकसभेत बोलणाऱ्याला मयताचे गुण सुचवत. घरात कुणी वाक्याच्या मध्ये श्वास घेतला, की पुढचं वाक्य वहीवाल्यांच्या तोंडून आलंच म्हणून समजा.

लेकीचं यावरून जुनं भांडण होतं. चौथीत असताना कवितापाठाच्या स्पर्धेत ती एका ओळीवर थांबली, तेवढ्यात खिडकीबाहेरून पुढची ओळ आली. परीक्षकांनी नाव खोडलं. "मी विसरले नव्हते, बाबा. मी थांबले होते," हे ती आजवर शंभर वेळा तरी म्हणाली असेल. वहीवाल्यांनी त्यावर कधी उत्तर दिलं नव्हतं.

तर भिंतीला कान लावून वहीवाल्यांनी दोन खेळ ऐकले. पहिल्या खेळात नट मध्येच गप्प झाला, मग त्याने कुठून तरी कुठेतरी उडी मारली, आणि आतली मंडळी पाय आपटत बाहेर आली. दुसऱ्यात मात्र त्याने सगळी गोष्ट सलग सांगितली. वहीवाल्यांनी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. तरी ती मंडळीही तोंड पाडून निघून गेली. असतील कमी डोक्याची, असं त्यांनी ठरवलं.

मग बोळातलं दार उघडून तो नट बाहेर आला. सत्तरीचा माणूस, काळा कोट, कोपरांवर चकाकी आलेली. खिशातून चुरगळलेले कागद काढून तो पुटपुटू लागला.

"विसरतोय बिचारा," वहीवाले म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक?" सासूबाई म्हणाल्या.

"बघ की. ओठ हलतायत आणि डोळे थांबलेत. ज्याला पाठ असतं त्याचं उलटं असतं."

एवढ्यात आतून मॅनेजरबाई आल्या. चाळिशीच्या, कानाला माइक, हातात तक्रारींचे फॉर्म. त्या इंग्रजीत हळू आवाजातच बोलल्या, पण नटाची मान खाली गेली. लेकीने अर्थ सांगितला. "या आठवड्यातली सातवी तक्रार आहे म्हणे. आणखी एक आली तर उद्यापासून नट नको, गोष्ट रेकॉर्ड करून स्पीकरवर लावू, असं म्हणतायत."

"स्पीकरवर?" वहीवाले असे उभे राहिले, जणू त्यांनाच नोटीस मिळाली होती.

त्यांना कंपनीतला मुख्य नट आठवला होता. शेवटची दोन वर्षं त्या माणसाला एक वाक्य आठवत नव्हतं. वहीवाले एकेक शब्द पुरवायचे, तो एकेक शब्द उचलायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. प्रयोग संपला की तो विंगेत येऊन स्टुलाशेजारी जमिनीवर बसायचा, तोंडाचा रंगही न पुसता. वहीवाल्यांना त्या दिवसांची इतकी आठवण यायची की कधी कधी दुपारी झोपेतून उठल्यावर ते बॅटरी शोधत.

"बाबा, चला, आपला नंबर," जावईबापू म्हणाले.

खोली छान होती. खिडकीवर जड पडदे, फुलदाणी, लंबकाचं घड्याळ, टेबलावर पत्र आणि कोपऱ्यात ते उघडं कपाट. दार बाहेरून बंद झालं. सासूबाईंनी सर्वांत चांगली खुर्ची बघून बैठक मारली. जावईबापूंनी वही-पेन काढलं. मग नोकर आत आला, वाकला आणि इंग्रजीत बोलू लागला.

"बाईसाहेब त्या दिवशी पहाटेच उठल्या. मी दार उघडलं तेव्हा त्या... त्या..."

आणि थांबला.

"थांबला!" जावईबापू कुजबुजले. "मुद्दाम थांबलाय. सेकंद मोज, सेकंद मोज!"

लेक घड्याळ बघू लागली. नटाची नजर छताकडे गेली, मग हळूच डावीकडे वळली. ती नजर वहीवाल्यांनी चाळीस वर्षं पाहिली होती. तहानलेला माणूस माठाकडे बघतो तशी असते ती.

"बावीस सेकंद," लेक म्हणाली.

"बावीस! लिहून घेतो. पहिले दोन आकडे मिळाले!"

वहीवाल्यांना राहवलं नाही. ते घड्याळ न्याहाळायच्या बहाण्याने नटाच्या डाव्या हाताला सरकले आणि ओठ न हलवता पुढचं इंग्रजी वाक्य त्याच्या कानात सोडलं. नट दचकला. मग त्याचा चेहरा उजळला आणि गोष्ट पुढे निघाली.

"बाबा!" जावईबापू ओरडले. "तुम्हाला पुढचं कसं माहीत? हे फाऊल आहे!"

छतातला स्पीकर खरखरला. पाहुण्यांनी नोकराच्या जवळ उभं राहू नये, अशी विनंती झाली. वहीवाले मागे आले. दोन वाक्यांनी नट पुन्हा अडकला, आणि जावईबापूंनी आनंदाने सेकंद मोजायला घेतले.

वहीवाल्यांनी चौफेर नजर फिरवली. लांबून बोलावं तर सगळ्यांना ऐकू जाणार, जवळ जावं तर स्पीकर ओरडणार. नटाच्या डावीकडे ते कपाट होतं. अंधारं, अरुंद, रंगमंचाला काटकोनात, आणि दाराला जाळी. याला कपाट म्हणणाऱ्याला नाटकातलं काही कळत नव्हतं. ही विंग होती.

ते आत शिरले. दार मागून लागलं आणि 'खट्' असा आवाज झाला.

"गेले!" जावईबापूंनी कपाळावर हात मारला. "तीनदा सांगितलं होतं! तीनदा!"

"अहो, आत का गेलात?" सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"इथून बरं दिसतं," कपाटातून उत्तर आलं. "बसायला स्टूल हवं होतं."

पुढचा पाऊण तास त्या खोलीत जे झालं ते लेकीने नंतर कित्येकांना सांगितलं, पण नीट सांगता कुणालाच येणार नाही. जाळीतून वाऱ्यासारखा एक शब्द यायचा आणि नट तो उचलायचा. हळूहळू तो पाठमोरा सरकत कपाटाशी आला, जुने नट विंगेशी सरकतात तसा, कुणाला न कळता. मग त्याला शब्दांची भीती राहिली नाही. पडणार नाही हे कळलेल्या पोराने सायकल सोडावी तसा तो सुटला. बाईसाहेब खिडकीपर्यंत सात पावलं चालल्या. फुलदाणीतली तीन फुलं काढली. पत्र दोनदा वाचलं. घड्याळाला पाच वेळा किल्ली दिली. आणि मागे वळून न बघता गेल्या. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज असा फाटला की सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"किती छान बोलला गं," त्या म्हणाल्या. "कोण गेलं त्याचं?"

लेक मात्र कपाटाकडे बघत होती. लहानपणी वडील म्हटलं की तिला विंगेतली एक पाठच आठवायची, वहीवर वाकलेली. त्या पाठीपलीकडे काय चालतं, ते तिने आज पहिल्यांदा समोरून पाहिलं.

"सात, तीन, दोन, पाच!" जावईबापू कुलपाकडे धावले. बावीसवर त्यांनी काट मारली. आकडे फिरवले. कुलूप उघडलं नाही. पुन्हा फिरवले. उलटे लावले, सुलटे लावले, शेवटी बावीसही लावून पाहिले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, आणि घंटा झाली. साठ मिनिटं संपली होती.

मग नट अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाला. लेकीने ऐकलं आणि कपाटाच्या जाळीशी तोंड नेलं.

"बाबा, ते म्हणतायत, नऊ. खिडकीपर्यंत नऊ पावलं. सात आधीच्या जागेत होती. हा खेळ आधी एका लहान खोलीत चालायचा, तिथे त्यांनी खूप वर्षं सात म्हटलं. इथे आल्यापासून नऊ आहेत, पण तोंडात सातच येतं. मघाशी, आपल्या आधीच्या खेळातही त्यांनी सातच म्हटलं होतं."

दुसऱ्या खेळातली मंडळी तोंड पाडून का निघून गेली, हे वहीवाल्यांना आता कळलं. ऐकलं तसंच्या तसं त्यांनी पुरवलं होतं, चुकीसकट. चाळीस वर्षांत त्यांच्या वहीतून चुकीचा शब्द गेला नव्हता. आज गेला, आणि तोही अशा माणसाला ज्याची नोकरी एका शब्दावर टांगलेली होती. त्याला आपला आपण पडू दिलं असतं तरी बिचारा इतक्या थाटात पडला नसता.

बोळात पावलं वाजली.

"जावईबापू," जाळीतून आवाज आला, "तक्रार करू नका."

"बाबा, आकडा चुकीचा होता! आपण हरलोच नाही! हे मी त्यांना सांगितलं तर आपल्याला परत खेळायला देतील. माझे नऊपैकी नऊ आहेत!"

"म्हातारा आहे हो तो. उद्या त्याच्या जागी स्पीकर बसेल."

"पण चूक त्याची आहे."

"निम्मी माझी आहे," वहीवाले म्हणाले. "सासऱ्याची चूक जावयाने पोटात घालावी."

दार उघडलं. मॅनेजरबाई फॉर्म घेऊन आत आल्या. नट कोटाची बटणं लावत भिंतीशी उभा राहिला, सामान आवरून निघालेल्या माणसासारखा. बाईंनी जावईबापूंना विचारलं, "नोकराने तुम्हाला पूर्ण गोष्ट नीट सांगितली का?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. नटाकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या अजून डोळे पुसत होत्या. तोंड पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"हो..." कपाटातून हलकेच आलं.

"हो," जावईबापू इंग्रजीत म्हणाले.

"अगदी नीट सांगितली..."

"अगदी नीट सांगितली."

"चूक आमची झाली..."

दहावी खोली जावईबापूंच्या घशात अडकली होती. "चूक," ते म्हणाले, "आमची झाली."

"शाब्बास," कपाट म्हणालं. हेही जावईबापूंनी इंग्रजीत करून सांगितलं.

मॅनेजरबाईंनी फॉर्म खाली केला. त्यांना भाषा कळत नव्हती, पण प्रत्येक वाक्याच्या आधी कपाट कुजबुजतं एवढं कुणालाही कळलं असतं. त्यांनी किल्ली काढून दार उघडलं. आत वहीवाले गुडघ्यांवर बसले होते, चष्मा एका कानावर, हात तोंडाशी.

"तुम्ही इथे काय करताय?"

लेकीने प्रश्न सांगितला. वहीवाले उठायला लागले, पण गुडघे उठेनात. "माझं काम," ते बसल्या बसल्या म्हणाले. "आणि तिला सांग, रेकॉर्डिंग लावू नका. सातचे नऊ झालेत एवढंच. बाकी सोनं आहे."

बाईंनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. मग बोलल्या ते लेकीने एकेक वाक्य सांगितलं. वेळ संपायला दहा मिनिटं असताना पाहुण्यांना स्पीकरवरून मदत करायची असते. ते त्यांचं काम. सातचा आकडा चुकलाय हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर दार उघडलं असतं. पण त्या गोष्ट ऐकत बसल्या आणि सांगायचं विसरल्या.

"म्हणजे," जावईबापू क्षीण आवाजात म्हणाले, "सगळेच विसरले आणि हरलो मी."

बाईंनी वहीवाल्यांकडे बघून आणखी एक प्रश्न विचारला.

"हे काम शिकायला किती दिवस लागतात, असं विचारतायत."

"चाळीस वर्षं," वहीवाले म्हणाले. "आपलं विमान कधी आहे?"

"पाच दिवसांनी."

"मग पाच दिवसांत बसवू."

प्लास्टिकच्या फोल्डरमधले पुढचे कागद वहीवाल्यांच्या दृष्टीने तिथेच संपले. राजवाडा, तळं, काचेचा पूल आणि डोंगरावरची झुकझुक गाडी हे सगळं सासूबाई आणि जावई या दोघांनी पाहिलं. फोटोंत दोघंच आहेत आणि एकात जावईबापू चक्क हसतायत. वहीवाले रोज सकाळी दहाला कपाटाशी हजर व्हायचे. आत मांडीवर कागद घेऊन मॅनेजरबाई स्वतः बसायच्या, बाहेर नट, आणि मध्ये लेक, एकाचं दुसऱ्याला सांगत. दुसऱ्याच दिवशी बाईंनी सातवर काट मारून लाल शाईने नऊ लिहिलं, आणि नटाने तरीही सात म्हणायला तोंड उघडताच आतून असा "नऊ" आला की वहीवाल्यांनी समाधानाने डोळे मिटले.

"शब्द सांगणं सोपं आहे," ते शेवटच्या दिवशी म्हणाले. "कधी सांगायचा नाही हे अवघड. माणूस विसरला की त्याचे डोळे तुम्हाला शोधतात. थांबला असेल तर नाही शोधत. तेव्हा गप्प बसायचं. कितीही जीव वर-खाली झाला तरी गप्प बसायचं."

लेकीने हे इंग्रजीत सांगितलं. मग तिने मराठीत विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं तर मग माझ्या वेळी..."

ती थांबली. वहीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. वाक्य पूर्ण केलं नाही.

"चाळीस वर्षांत तिथेच चुकलो," मग ते म्हणाले. "बाकीचे नट होते गं. तू माझी होतीस. तू विसरलीस की काय या भीतीने डोळे बघायचंच राहिलं."

मॅनेजरबाईंनी कपाटातून 'काय म्हणाले?' अशी खूण केली, पण हे भाषांतर त्यांना मिळालं नाही.

घरी परतल्यावर शेजारपाजारची मंडळी जमली. सासूबाईंचं राजवाड्याच्या खांबांपासून तळ्यातल्या बदकांपर्यंत सगळं सांगून झालं, तेव्हा कुणीतरी वहीवाल्यांकडे वळलं.

"आणि तुम्ही काय पाहिलंत हो परदेशात?"

"ह्यांनी?" सासूबाई म्हणाल्या. "इतक्या लांब नेलं, एवढा खर्च केला, आणि ह्यांनी कपाट पाहिलं. एक कपाट!"

सगळे हसले. वहीवालेही हसले.

"पाहिलं," ते म्हणाले. "आतून पाहिलं. काय सांगू, फार प्रशस्त होतं."